जाहिरात वगळली तर उरतं काय? बायोनिकलच्या २००१ सालाचं प्रकरण

खेळण्यांवर उभ्या राहिलेल्या कथाविश्वात ‘ही नुसती जाहिरात आहे, ही कॅननमध्ये, म्हणजे अधिकृत मानलेल्या कथेत, धरायची नाही’ असा नियम लावायला गेलं की पहिल्याच फटक्यात पाटी कोरी होते. कॉमिक निघतं ते खेळणी खपावीत म्हणून, कार्टून त्यासाठीच, सिनेमाही त्यासाठीच. कादंबरी लिहून मग तिच्यावरून बाहुल्या काढल्या, असा इथला क्रम नसतो. आधी साचा तयार होतो, मग त्या साच्याला नाव, गाव आणि शत्रू मिळतो. त्यामुळे ‘प्रचारसाहित्य की खरी कथा’ हा प्रश्न इथे गैरलागू आहे. सगळंच प्रचारसाहित्य आहे. त्यातलं कुठलं ‘खरंच घडलं’ म्हणून धरायचं, एवढंच ठरवायचं असतं.

लेगोच्या बायोनिकल या मालिकेचं पहिलं वर्ष, २००१, या प्रश्नासाठी मला सगळ्यांत बोलकं वाटतं. त्या वर्षाची संपूर्ण कथा कुठल्याही एका ठिकाणी सांगितलेली नाही. कालक्रम लिहायला बसलेल्या प्रत्येकाला ती तुकड्यांतून जोडावी लागते, आणि प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या विक्रीच्या मोहिमेचा भाग आहे.

काय होतं हाताशी

कथेचा गाभा साधा. माता नुई नावाचं बेट, त्यावर सहा गावं, गावांतले छोटे रहिवासी आणि त्यांचे वडीलधारे तुरागा. माकुता नावाची काळी शक्ती प्राण्यांना संक्रमित मुखवटे चढवून ताब्यात घेते. मग समुद्रातून सहा वीर येतात, ते तोआ. बाजारात त्या वर्षीचं मुख्य खेळणं म्हणजे हे सहा तोआ.

ही कथा एका मोठ्या पीसी गेममधून सांगण्याचा बेत होता. सॅफायर कंपनी तो बनवत होती. तो कधी बाजारात आलाच नाही. छापील कादंबऱ्या सुरू झाल्या थेट २००३ मध्ये. मधल्या काळात उरलं ते असं: लेगोच्या क्लबमार्फत मुलांच्या घरी पोचणारी, डीसीनं काढलेली आणि ग्रेग फार्श्टी यांनी लिहिलेली कॉमिकं, गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवरचा एक छोटा गेम, मालिकेच्या संकेतस्थळावर फुकट खेळता येणारा, टप्प्याटप्प्यानं उलगडणारा एक फ्लॅश गेम, खोक्यांवरचा मजकूर, टीव्हीवरच्या जाहिराती, आणि मॅकडोनाल्ड्सच्या हॅपी मीलबरोबर वाटलेली सहा चिमुकली खेळणी.

या यादीकडे कुणी त्या वेळी पाहिलं असतं तर कॉमिकांना वरचा पाट दिला असता आणि हॅपी मीलच्या खेळण्यांना दाराबाहेर बसवलं असतं. प्रत्यक्षात तसं झालं नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण तपासण्यासारखं आहे.

डबा हाही पुरावा

आधी सगळ्यांत निखळ विक्रीची वस्तू घेऊ: वेष्टन. तोआ विकले जायचे ते प्लॅस्टिकच्या उभ्या डब्यांतून. आत सुटे भाग, ते मुलानं जोडायचे. कथेत तोआ बेटावर येतात तेही याच डब्यांतून. डबे किनाऱ्याला लागतात, आत वीरांचे सुटे भाग असतात, आणि ते स्वतःला जोडून घेतात. ख्रिश्चन फाबर हे लेगोचं काम करणाऱ्या जाहिरात संस्थेतले कलादिग्दर्शक. स्वतःच्या आजारपणातल्या औषधोपचारांतून, औषध शरीरात जाऊन रोगाशी लढतं या विचारातून, आपल्याला ही कल्पना सुचली असं त्यांनी सांगितलेलं आहे. आजारी देहात सोडलेल्या कुपीसारखे हे डबे.

मुखवट्यांचंही तसंच. ते वेगळ्या छोट्या पाकिटांतून विकले जायचे, आणि आत कुठला निघेल ते आधी कळायचं नाही. कथेत प्रत्येक तोआला सहा वेगवेगळ्या शक्तींचे मुखवटे बेटभर हिंडून गोळा करावे लागतात. म्हणजे २००१ चं अर्धं कथानक हे पाकिटं विकत घेण्याचंच कथारूप आहे. डबा आणि पाकीट यांना कॅनन मानायचं की नाही, असा वाद कुणी घातल्याचं मला आठवत नाही, कारण ते काढलं तर तोआ बेटावर कसे आले हेच सांगता येत नाही. इथेच पहिला धागा हाती लागतो. ज्या गोष्टीवर पुढचं काही टेकलेलं असतं, ती गोष्ट आत येते. तिचा उगम कुणी विचारत नाही.

जेवणाबरोबर मिळालेले सहा जण

हॅपी मीलबरोबरची सहा खेळणी म्हणजे बेटावरचे सामान्य रहिवासी: जाला, हुकी, मकू, ओनेपू, मातोरो आणि कोंगू. चकती फेकणारा हात, रंगीत मुखवटा, संपलं. तोआच्या मानानं हे किरकोळ होते, आणि मोहिमेतल्या अशा खेळण्यांचं नशीब सहसा सोफ्याखाली हरवणं एवढंच असतं.

यांना जीव दिला तो फ्लॅश गेमनं. न्यूयॉर्कच्या टेम्प्लर स्टुडिओजनं बनवलेला हा गेम, माता नुई ऑनलाइन गेम, खेळणाऱ्याला वीराच्या नव्हे तर ताकुआ नावाच्या भटक्या रहिवाशाच्या जागी उभा करतो. गावोगाव जायचं, लोकांशी बोलायचं, एखादी अडलेली गोष्ट सोडवायची. आणि या भटकंतीत ती सहा खेळणी माणसं होऊन भेटतात. जाला हा अग्निगावच्या पहारेकऱ्यांचा नायक. हुकी हा कोलीचा, म्हणजे तिथल्या चेंडूच्या खेळाचा, गाजलेला खेळाडू. मकू किनाऱ्यावर भेटते आणि आपली होडी देऊन मदतीला पाठवते. कोंगू पक्ष्यांवर बसून उडणाऱ्या तुकडीचा म्होरक्या, ओनेपू खेकड्यांच्या शर्यतीतला अजिंक्यवीर. मातोरोचं काम सगळ्यांत छान: तुरागा नुजू पक्ष्यांच्या भाषेतच बोलतात, आणि मातोरो ती इतरांना समजावून सांगतो.

पुढे काय झालं पाहा. २००३ च्या सिनेमात जाला मरतो आणि परत येतो. त्या सिनेमाचा भावनिक कणा तोच आहे. २००६ मध्ये जे सहा नवे तोआ बाजारात आले त्यांत जाला, हुकी, कोंगू आणि मातोरो हे चौघं होते. आणि २००७ मध्ये मातोरो जीवनाचा मुखवटा चढवून स्वतःचा प्राण देतो आणि मेलेल्या माता नुईला, म्हणजे ज्याच्या नावावरून बेटाला नाव मिळालं त्या महान आत्म्याला, परत आणतो. दशकभराच्या कथेतला कदाचित सर्वांत मोठा प्रसंग एका हॅपी मीलच्या खेळण्याच्या वाट्याला आला. आता त्या खेळण्याला ‘प्रचारातली वस्तू, कॅननबाहेर’ कोण म्हणेल?

अहक्मूची गोष्ट याहून बारीक, पण मला जास्त आवडते. त्याच गेममध्ये तो कोलीचे नवे चेंडू विकणारा व्यापारी आहे. चेंडू संक्रमित असतात, खेळाडू आजारी पडतात, हुकीही पडतो. बस, एवढंच काम. २००४ मध्ये कथा मागे, मेट्रू नुई शहरात गेली, तेव्हा लेखकांना एक कपटी रहिवासी हवा होता. त्यांनी नवा घडवला नाही. हाच उचलला, आणि त्याचं खेळणंही विकलं. तीन वर्षांपूर्वीच्या फुकट गेममधला चेंडूवाला तिथून पुढे त्याच्या साऱ्या पूर्वचरित्रासकट अधिकृत झाला. त्यासाठी कुठलं परिपत्रक निघालं नाही.

एकाच काळाच्या दोन कथा

कॉमिकं आणि फ्लॅश गेम एकाच काळातल्या घटना सांगतात, तरी त्यांच्यात भांडणं फार कमी आहेत. याचं कारण त्यांच्या नजरेच्या उंचीत आहे. कॉमिक तोआच्या खांद्यावरून बघतं: कोण कुठे लढला, कुणी कुणाशी वाद घातला. गेम रहिवाशाच्या उंचीवरून बघतो; तिथे तोआ क्षणभर दिसतात, एखादा राक्षसी प्राणी लोळवतात आणि निघून जातात. दोघांना एकमेकांच्या वाटेत यायची वेळ क्वचितच येते. हे ठरवून केलं की आपोआप झालं, याच्याशी कालक्रम लिहिणाऱ्याला कर्तव्य नाही. पण दोन्ही माध्यमं पूर्ण वजनानं स्वीकारता येतात ती यामुळे.

खरी अडचण येते माकुताशी. गेमच्या शेवटी तो समोर येतो तो फिरत्या सुट्या भागांच्या भोवऱ्यासारखा, धड आकार नसलेला. २००३ च्या सिनेमात त्याला चिलखती देह आहे, आणि त्याच वर्षी त्या देहाचं खेळणंही निघालं. दोन्ही खरं कसं? इथे सरळ मार्ग होता: सिनेमा मोठा, गेम छोटा, म्हणून गेमचं रूप रद्द. तो मार्ग घेतला गेला नाही. पुढच्या कथांनी माकुता रूप बदलू शकतो हे त्याच्या जातीचं लक्षणच ठरवलं, आणि दोन्ही रूपं जागेवर राहिली. विसंगती मिटवायची झाली तर एक बाजू खोडण्यापेक्षा दोघांना पुरेल असं कारण कथेतच निर्माण करणं, ही बायोनिकलच्या लेखकांची सवय होती, आणि ती चांगली सवय आहे.

गेमबॉयवरचा गेम मधल्या पायरीवर बसतो. त्यात ताकुआ तोआंना बेटावर बोलावणारे दगड गोळा करतो. फ्लॅश गेमच्या आधी घडलेली घटना म्हणून हा मुख्य धागा कालक्रमात घेतला गेला. पण त्यातल्या उड्या, शत्रूंच्या फेऱ्या, वाटेत सापडणाऱ्या वस्तू हे कुणी इतिहास म्हणून मोजत नाही. एकाच गेममधला कणा घेतला, बाकी खेळाचे नियम म्हणून सोडून दिले. मला वाटतं, इथे चुकीचा प्रश्न स्पष्ट दिसतो. ‘हे माध्यम कॅनन आहे का?’ असं विचारलं की उत्तर नेहमी अर्धवट मिळतं. ‘या माध्यमातलं हे विधान कॅनन आहे का?’ असं विचारावं लागतं.

नावांचा दबाव

२००१ मध्येच न्यूझीलंडमधल्या माओरी गटांनी लेगोकडे आक्षेप नोंदवला. मालिकेत माओरी आणि इतर पॉलिनेशियन भाषांमधले शब्द सर्रास वापरले होते. रहिवाशांना ‘तोहुंगा’ म्हटलं जायचं, आणि माओरी समाजात हा मानाच्या स्थानाचा शब्द आहे. लेगोनं बदल मान्य केले. तोहुंगाचे ‘मातोरान’ झाले; जाला, हुकी, मकू यांची नावं इंग्रजीत वेगळ्या स्पेलिंगनं लिहिली जाऊ लागली. ‘तोआ’ मात्र राहिला.

कॅननच्या दृष्टीनं ही पहिली सक्तीची दुरुस्ती. बाहेरच्या कारणानं झालेला बदल. कंपनीला ‘आधीचं विसरा’ म्हणता आलं असतं. त्याऐवजी कथेत नामकरणाचा दिवस आला: संकटात पराक्रम गाजवलेल्यांची नावं सन्मानानं नव्या रीतीनं लिहिली गेली. २००३ च्या दुसऱ्या ऑनलाइन गेममध्ये हा प्रसंग आहे. कोली या खेळाचंही काठ्यांनी खेळायच्या ‘कोल्ही’त रूपांतर झालं, आणि तेही खेळ बदलला म्हणून निभावून नेलं. त्यामुळे जुनी खोकी, जुनी कॉमिकं आणि जुना गेम एका झटक्यात खोटे ठरले नाहीत. आक्षेपाची खरी दखल घेण्याचं काम मात्र कथेबाहेर, पत्रव्यवहारात आणि बैठकांत झालं. कथेतल्या समारंभानं त्याची जागा घेतली असं समजू नये.

जे बाहेर राहिलं

२००३ मध्ये कन्सोलवर आलेला गेम आणि २००६ चा बायोनिकल हीरोज हे दोन्ही अधिकृत, दुकानात पैसे मोजून घ्यायचे, फ्लॅश गेमपेक्षा कितीतरी मोठ्या पसाऱ्याचे. दोन्ही कॅननबाहेर. हीरोजमध्ये तर आधीच्या वर्षांचे शत्रू एकाच बेटावर रांगेनं उभे केले आहेत आणि खलनायक विदूषकी करतात. गेम म्हणून मजा आहे. पण त्यातल्या कशावरही पुढची कथा टेकलेली नाही, आणि टेकवायला गेलं तर आधीचा कालक्रम मोडतो.

पिराका या खलनायकांचं २००६ चं रॅप गाणं हा याहून सोपा निकाल. जाहिरातीत ते रॅप करतात. कुणी नोंदवहीत ‘आणि मग पिराकांनी गाणं म्हटलं’ असं लिहीत नाही. पण याचं कारण ती जाहिरात होती हे नाही. डबाही जाहिरातच होता. रॅप वगळलं तर कथेतली एकही गोष्ट ढळत नाही, आणि धरलं तर त्या टोळीचा कथेतला स्वभाव बिघडतो. सूर हाही पुरावा असतो, फक्त तो शेवटी मोजायचा.

इथे एक तुलना उपयोगी आहे. मॅटेलच्या मास्टर्स ऑफ द युनिव्हर्सच्या खेळण्यांबरोबर १९८२ मध्ये छोटी कॉमिकं पाकिटातच यायची. त्या पहिल्या कॉमिकांतला ही-मॅन जंगलातल्या टोळीतून बाहेर पडलेला योद्धा आहे. राजपुत्र अ‍ॅडमचा पत्ता नाही. १९८३ पासून टीव्हीवर आलेल्या फिल्मेशनच्या मालिकेनं राजपुत्राची कथा इतकी घट्ट केली की बहुतेकांच्या लेखी तीच खरी झाली. खेळण्याच्या पाकिटातून आली म्हणून कथा टिकली, असं तिथे झालं नाही. पाकीट, पडदा, किंमत, यांपैकी काहीच एकट्यानं निकाल देत नाही.

पंचाचा शब्द

बायोनिकलमध्ये एक वेगळी सोय होती. कॉमिकं आणि बहुतेक कादंबऱ्या लिहिणारे फार्श्टी चाहत्यांच्या प्रश्नांना स्वतः उत्तरं द्यायचे, आणि ती उत्तरंही कॅनन म्हणून धरली जायची. याचा फायदा उघड आहे: शंका आली, विचारलं, सुटली. तोटा हळूहळू कळतो. कथेत कुठेच न आलेली माहिती केवळ उत्तरादाखल खरी ठरू लागते, आणि कथेत दिसलेली गोष्ट उत्तरानं खोटी ठरू शकते.

याचा नमुना मकू आणि हुकी. ऑनलाइन गेममध्ये या दोघांमधली ओढ इशाऱ्यांतून दिसते. खेळणाऱ्याला ती लक्षात येते, आणि लिहिणाऱ्यांना ती यावी असंच वाटत होतं यात मला शंका नाही. नंतर फार्श्टी यांनी ठाम सांगितलं की या विश्वात प्रणय नाही. त्याबरोबर ते इशारे मैत्रीचे म्हणून वाचायचे, असा शिरस्ता पडला.

दोन गट पडतात ते इथे. एक म्हणतो, पंचाचा निर्णय अंतिम. दुसरा म्हणतो, पडद्यावर दिसलं ते दिसलं. माझ्या मते दोघेही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. मकू काय बोलली, कुठे गेली, कुणाची चौकशी केली, या घटना आहेत, आणि गेम कॅनन आहे तोवर त्या राहतात. तिच्या मनात काय होतं हा अर्थ आहे. पंचाला अर्थाबद्दल निर्णय देता येतो. घडलेली घटना खोडायची तर नवी कथा लिहावी लागते, आणि ती कुणी लिहिलेली नाही.

ठरवलं ते असं

२००१ च्या कालक्रमापुरते निकाल मी असे घेतो. डबे, मुखवट्यांचा शोध: पूर्ण धरायचे. फ्लॅश गेम: घटना, माणसं, त्यांची कामं, गावांची रचना धरायची; कोडी सोडवण्याची पद्धत सोडायची. कॉमिकं: पूर्ण, आणि तोआच्या लढायांबद्दल गेमशी खटका उडाला तर कॉमिकाला झुकतं माप, जसं गावातल्या रोजच्या जगण्याबद्दल गेमला. गेमबॉयचा गेम: दगड आणि त्यांचा परिणाम, एवढंच. हॅपी मीलची खेळणी: माणसं म्हणून आत, आणि त्यांच्या मुखवट्यांचे रंगही आत, कारण नंतरच्या चित्रांनी तेच पाळले. टीव्हीच्या जाहिराती: दुसरीकडे आधार मिळाला तरच. नावं नामकरणापर्यंत जुनी, त्यानंतर नवी.

आधार तपासायची एक अडचण २०२० च्या अखेरीपासून वाढली आहे. अ‍ॅडोबीनं फ्लॅश हे तंत्र बंद केलं, आणि त्या वर्षाचा सर्वांत भरीव दस्तऐवज, म्हणजे तो फ्लॅश गेम, आता ब्राउझरमध्ये नुसता उघडून चालत नाही. तो टिकला आहे तो चाहत्यांनी जपलेल्या प्रतींमुळे. त्यामुळे संवादाचा दाखला देताना तो कुठल्या प्रतीतून घेतला, हे लिहून ठेवणं गरजेचं झालं आहे.

मकूच्या नोंदीत मी दोन ओळी ठेवल्या आहेत. पहिलीत गेममध्ये ती हुकीबद्दल जे बोलते आणि करते ते, जसंच्या तसं. दुसरीत फार्श्टी यांचा निर्णय, त्यांच्या नावासकट. पहिली खोडून फक्त दुसरी ठेवा असं मला सांगितलं गेलं आहे. मी ते केलेलं नाही.